कोणाचा मी? : किशोरमनाचा प्रश्न आणि पुस्तकांची साथ

(पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांपासून अवघ्या काही कोसांवर, इंद्रायणीच्या काठी आळंदी आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी तेथील चार भावंडे पोरकी झाली. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता यांच्या वाट्याला 'संन्याशाची पोरे' ही हेटाळणी आली. मराठी भाषेचे वैभव म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो, ती ही पोरकी मुले. ज्याचे आईचे छत्र कोवळ्या वयात हरपले, त्यालाच पुढे अवघ्या महाराष्ट्राने 'माउली' म्हटले. अशा भूमीत राहणाऱ्या समाजाने दत्तक मुलांविषयी आणि दुसऱ्याच्या घरी वाढणाऱ्या मुलांविषयी कुजबुजत बोलावे, हे शोभणारे नाही. तरीही आपण कुजबुजतो. आजचा विषय त्या कुजबुजीचा आणि तिच्यावरच्या एका साध्या उपायाचा आहे. तो उपाय म्हणजे पुस्तक.

प्रश्न कधी उभा राहतो?

दत्तक आलेले मूल चार-पाच वर्षांचे असते, तेव्हा त्याला गोष्ट पुरते. 'तू आमच्याकडे आलास आणि घर भरले' एवढे सांगितले की ते समाधानाने झोपी जाते. तेच मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की आरशासमोर थबकते. आपले नाक कोणासारखे, रंग कोणाचा, आवाज कोणाचा, असे प्रश्न त्याला पडू लागतात. दवाखान्यात डॉक्टर सहज विचारतात, 'घरात कोणाला मधुमेह?' आणि आई क्षणभर गप्प होते. शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगतात आणि वहीचे ते पान दोन दिवस कोरे राहते. 'कोणाचा मी?' हा प्रश्न या वयात प्रत्येकच मुलाला पडतो. दत्तक मुलाला तो दुहेरी पडतो, आणि बहुतेक वेळा विचारायला माणूस मिळत नाही. विचारले तर आई दुखावेल, या भीतीने ते मूल मूग गिळून बसते. सांगितले तर मूल दुरावेल, या भीतीने आई गप्प राहते. एकाच छपराखाली दोन प्रेमळ माणसे एकमेकांना जपता जपता एकाकी होतात.

या नगरीला तर हा प्रश्न परका वाटण्याचे कारणच नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. साठच्या दशकात आकुर्डी, भोसरी, पिंपरीत यंत्रे धडधडू लागली. १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे चाकणपर्यंत वाहनउद्योग पसरला. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून, परराज्यांतून माणसे आली आणि येथलीच झाली. निगडीत तीस वर्षे राहिलेला बीडचा माणूस जत्रेला गावी जातो, तेव्हा तो चिंचवडशी बेइमानी करतो असे कोणी म्हणत नाही. जन्माचे गाव एक आणि वाढीचे गाव दुसरे, ही येथील घरोघरची गोष्ट आहे. मग एखाद्या मुलाने आपल्या जन्माच्या घराविषयी विचारले, तर त्यात कृतघ्नता ती कसली? या शहरात गावाबद्दल जेवढ्या मोकळेपणाने बोलले जाते, तेवढ्याच मोकळेपणाने जन्माबद्दल बोलता आले पाहिजे.

वारसासाठी की बालकासाठी?

दत्तकविधान आपल्याला नवे नाही. १८५३ साली झाशीच्या गंगाधररावांनी मृत्युशय्येवर आनंदराव या बालकाला दत्तक घेऊन दामोदरराव नाव दिले. इंग्रजांनी ते दत्तक अमान्य केले आणि पुढचा इतिहास आपण जाणतो. १८७५ साली नाशिककडील कवळाणे गावचा गोपाळ बडोद्याच्या गादीवर आला आणि महाराजा सयाजीराव झाला. १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले; तेच राजर्षी शाहू. आधुनिक काळातील दोन थोर मराठी राज्यकर्ते दत्तक पुत्र होते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

या साऱ्या दत्तकविधानांचा हेतू मात्र गादी चालावी, वंश चालावा, हा होता. घराला मुलगा हवा होता. मुलाला घर हवे, हा विचार निराळा. आणि तो पुण्यातच एका दाम्पत्याने आचरणात आणला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काशीबाई नावाच्या विधवेचे मूल आपले मानले. तोच यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. १८९० साली जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी यशवंताला अडवले. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतःच टिटवे हाती घेतले. १८९७ च्या प्लेगात याच मायलेकांनी हडपसरजवळ रुग्णांची सेवा केली आणि त्या सेवेतच सावित्रीबाईंनी देह ठेवला. रक्ताचे नाते मोठे की वाढवल्याचे, या वादाला याहून नेमके उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात शोधावे लागणार नाही.

कायदाही याच दिशेने चालत आला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलीच्या दत्तकविधानाला स्पष्ट मान्यता दिली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालकाचे हित हाच निकष मानला. आता पाच वर्षांवरील बालकाची स्वतःची संमतीही विचारली जाते. पुण्यात ससूनशी जोडलेल्या 'सोफोश'चे श्रीवत्स आणि १९७९ पासूनचे भारतीय समाज सेवा केंद्र या संस्थांनी असंख्य बालकांना घर मिळवून दिले. कायदा आणि संस्था यांनी आपले काम केले. घरातला संवाद मात्र घरानेच करावयाचा असतो.

'राधेय' आणि 'कौंतेय'

या संवादासाठी पुस्तके शोधत परदेशी जाण्याची गरज नाही. बरीचशी आपल्या कपाटातच आहेत. फक्त त्या दृष्टीने आपण ती वाचलेली नाहीत.

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून प्रत्येक पिढीतील मुले पंधरा-सोळाव्या वर्षी ती वाचून भारावतात. कर्णाचे शौर्य, त्याचे दातृत्व, त्याची मैत्री यांवर चर्चा होते. पण ही मुळात एका वाढवलेल्या मुलाची गोष्ट आहे. तिची रचनाच पाहा. सावंतांनी कथा अनेकांच्या तोंडून सांगितली आहे. त्यात स्वतः कर्ण बोलतो. जिने त्याला पाण्यात सोडले ती कुंती बोलते, आणि तिचे ऐकताना वाचकाचा राग निवळत जातो. ज्या घरात तो वाढला त्या घरचा धाकटा भाऊ शोणही बोलतो. दादा आपला आहे, यापलीकडे काही जाणून घेण्याची त्याला गरज वाटत नाही. जन्मदात्री, बालक आणि घरचे भावंड अशा तिन्ही बाजू एका मराठी कादंबरीत मुलांसमोर येतात. एक व्यक्ती मात्र आपले मन स्वतंत्र प्रकरणात सांगत नाही. ती म्हणजे राधामाता. मुलाला आणि आईला एकत्र बसून करण्यासारखा एक सुंदर उद्योग आहे: राधेचे न लिहिलेले प्रकरण आपण लिहावयाचे. त्या निमित्ताने आई जे बोलेल, ते एरवी कदाचित कधीच बोलली नसती.

महाभारताकडे आणखी एका अंगाने पाहण्यासारखे आहे. कृष्णालाही दोन माता. तो देवकीनंदन आहे आणि यशोदेचा कान्हाही आहे. दोन्ही नावे आपण एकाच आरतीच्या ताटासमोर घेतो. कोणत्याही मातेचा अवमान होत नाही. कर्णालाही दोन माता. परंतु 'कौंतेय' हे नाव त्याच्यापुढे उघडपणे ठेवले जाते ते युद्धाच्या तोंडावर, आणि तेही बाजू बदल असे सांगण्यासाठी. तो नाकारतो. राधेने आणि अधिरथाने दिलेले प्रेम त्याला राज्याहून मोठे वाटते. कृष्णाचे सत्य पुढे सर्वांसमोर उघड झाले, म्हणून ते उत्सव झाले. कर्णाचे सत्य पेटीत बंद राहिले, म्हणून ते शल्य झाले. दोघांच्याही पालक मातांच्या प्रेमात उणेपणा नव्हता. फरक सत्य केव्हा आणि कशासाठी सांगितले गेले, यात होता. दत्तक मुलाला त्याची हकीकत कधी सांगावी, असे आजचे समुपदेशक पालकांना समजावतात, त्याचे सार हेच आहे: समज येण्याआधीपासून, थोडे थोडे, आणि कोणताही वाद नसताना.

एक सावधगिरी मात्र हवी. नुकतेच काही कळलेल्या, अस्वस्थ मुलाच्या हाती एकदम कर्णकथा देऊ नये. त्या कथेत 'सूतपुत्र' म्हणून होणारे अपमान फार आहेत. अशा वेळी कण्वांच्या आश्रमात वाढलेली शकुंतला किंवा भूमीत सापडलेली जनकाची सीता अधिक जवळची वाटेल. सीतेला आपण आजही 'जानकी' म्हणतो, यातच सारे आले.

जेथे घर तात्पुरते असते

दत्तकविधान कायमचे असते. फोस्टर केअर, म्हणजे प्रतिपालन, तसे नसते. आईवडील आजारी आहेत, तुरुंगात आहेत, हयात नाहीत किंवा सांभाळू शकत नाहीत, अशा मुलाला काही काळ एखादे कुटुंब आपल्या घरी वाढवते. मुलाचे नाव आणि मूळ नाते कायम राहते. शब्द नवा असला तरी रीत जुनी आहे. लातूरच्या बहिणीचा मुलगा वडील गेल्यावर चिखलीत मामाकडे येतो आणि येथेच आयटीआय करतो. हे प्रतिपालनच आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यात आणून शिकवले. करोनाच्या लाटेनंतर तर अशी मुले अनेक नातलगांच्या घरी आली. महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना अशा मुलांसाठी आहे. २०२३ मध्ये तिचे मासिक साहाय्य २,२५० रुपये करण्यात आले. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते, आणि मूल दोन वर्षे त्या घरात राहिल्यास त्याला दत्तक घेण्याचा मार्ग खुला होतो. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती.

अशा मुलाची व्यथा निराळी असते. 'मी येथे किती दिवस?' हा त्याचा प्रश्न असतो. त्याला देण्याजोगे पुस्तकही आपल्याकडे आहे. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ पासून मराठी घरात पोचलेले आहे. शास्त्रज्ञाचे चरित्र म्हणून आपण ते बक्षीस देतो. जॉर्जची आई मेरी गुलाम होती. टोळीने तिला पळवले आणि ती पुन्हा दिसली नाही. तान्हे बाळ परत मिळाले आणि मोझेस व सुझन कार्व्हर या दाम्पत्याने ते वाढवले. शाळेसाठी तो दुसऱ्या गावी गेला, तेव्हा मारिया वॉटकिन्स या बाईने त्याला आपल्या घरात घेतले. तोवर 'कार्व्हरांचा जॉर्ज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलाला 'जॉर्ज कार्व्हर' असे स्वतःचे नाव तिनेच घ्यायला लावले. पुढेही घरे बदलली. प्रत्येक घरातून तो काही घेऊन निघाला: कोणाकडून झाडांची माया, कोणाकडून अक्षरओळख, कोणाकडून श्रद्धा. एकाहून अधिक घरांत वाढणे म्हणजे तुकड्यातुकड्यांत जगणे नव्हे, हे या पुस्तकाइतके सहजपणे दुसरे कोणी सांगत नाही. ना. धों. ताम्हनकरांचा पोरका 'गोट्या'ही असाच एका घरात येतो आणि त्या घरचा होतो. त्याची मालिका दूरदर्शनवर लागत असे, तेव्हा गल्ली सुनी व्हायची.

चिंचवडमध्ये पद्मश्री गिरीश प्रभुणे यांच्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलात पारधी व अन्य भटक्या समाजांतील मुले राहून शिकतात. तेथील मुलाला शिकण्यासाठी आपल्या पालाची लाज वाटून घ्यावी लागत नाही. दुसऱ्या घराने पहिल्या घराचा मान राखावा, हे सूत्र प्रतिपालनालाही लागू आहे.

जगाच्या कपाटातून

आता इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले घरोघर आहेत. त्यांच्यासाठी काही नावे. कॅथरिन पॅटर्सन यांची 'द ग्रेट गिली हॉपकिन्स' ही १९७८ ची कादंबरी. गिली अकरा वर्षांची, अनेक घरांतून फिरलेली, उर्मट मुलगी. न पाहिलेल्या आईची तिने सोन्याची मूर्ती करून ठेवली आहे आणि हातातल्या प्रेमळ ट्रॉटरबाईंना ती धुडकावते. आई प्रत्यक्ष येते तेव्हा मूर्ती भंगते, आणि तोवर रागाच्या भरात लिहिलेल्या एका पत्राने ट्रॉटरबाईंचे घरही सुटलेले असते. लेखिका स्वतः काही काळ प्रतिपालक आई होती. म्हणूनच मुलीची चूक दाखवूनही ती तिच्यावर न्यायाधीश होऊन बसत नाही.

थोड्या मोठ्या मुलांसाठी रॉबिन बेनवे यांची 'फार फ्रॉम द ट्री' आहे. तिला २०१७ चा अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. एकाच आईची तीन मुले. दोन मुली दोन घरांत दत्तक गेलेल्या आणि मुलगा एका घरातून दुसऱ्या घरात फिरत वाढलेला. त्याला शेवटी चांगले पालक मिळतात, ते दत्तक घेऊ इच्छितात आणि तो नकार देतो. पूर्वी एकदा मोडलेला विश्वास पुन्हा मोडेल, ही भीती. अशा मुलाला आपण पटकन 'माजलाय' म्हणतो. हे पुस्तक वाचलेला वर्गमित्र तसे म्हणणार नाही.

सर्वांत जवळची कथा आशा मिरो यांची. नाशिककडच्या एका खेड्यात जन्मलेली ही मुलगी मुंबईच्या अनाथालयातून १९७४ साली स्पेनमधील बार्सिलोनाला एका दाम्पत्याकडे गेली. मोठेपणी ती येथे परत आली. २००३ साली तिने 'गंगेची कन्या' या अर्थाच्या नावाने आपली कहाणी लिहिली. पुढील शोधात तिला तिची सख्खी बहीण भेटली. एक बहीण बार्सिलोनात वाढलेली, दुसरी येथल्या मातीत. भेटीनंतर ती बार्सिलोनाच्या आईची मुलगीच राहिली. तिच्या आयुष्यात एका बहिणीची भर पडली, इतकेच. खांडव्याचा सरू ब्रायर्ली १९८६ साली रेल्वेत हरवला आणि ऑस्ट्रेलियातील टास्मानियात दत्तक गेला. उपग्रहाच्या नकाशावर गाव शोधत शोधत २०१२ साली तो आईसमोर उभा राहिला. त्याचीही कहाणी तेच सांगते. मूळ शोधणारे मूल घर सोडत नसते.

आपल्याकडे दत्तक व्यक्तीला मूळ शोधण्याचा हक्क नियमांनीच दिला आहे. अठरा वर्षांनंतर ती स्वतः केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, अर्ज करू शकते. त्याआधी दत्तक पालकांसह एकत्र अर्ज करता येतो. जन्मदात्यांच्या गोपनीयतेचा हक्कही नियम जपतात. त्यामुळे प्रत्येक शोधाला उत्तर मिळेलच असे नाही. हे सत्यही मुलाला आधी सांगावे. दारापर्यंत सोबत जाणारी आई लाभली, तर बंद दाराचे दुःखही सोसता येते.

घराने आणि शाळेने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे पुस्तक औषधाच्या गोळीसारखे पुढे करू नये. 'हे वाच, तुझ्यासारख्या मुलीची गोष्ट आहे' असे म्हटले की मूल पुस्तक मिटते. पुस्तक घरात असावे आणि पालकाने ते स्वतः आधी वाचलेले असावे. मुलाने विषय काढला तर हातातले काम बाजूला ठेवून बोलावे.

दुसरी, शब्द जपावेत. 'खरी आई' हा शब्द घरातून हद्दपार व्हावा. 'जन्म देणारी आई' म्हणावे. 'आम्ही तुला वाढवले' हे वाक्य रागाच्या भरात उपकार म्हणून कधीही बाहेर पडू नये. आणि ज्या बाईने ते मूल जन्माला घातले, तिच्याविषयी वाईट बोलू नये. मुलाला तो आपल्या रक्ताचाच निवाडा वाटतो.

तिसरी, ही पुस्तके केवळ दत्तक मुलांसाठी नाहीत. घाव घालणारा शब्द बहुधा शेजारून, नात्यातून किंवा बाकावरून येतो. मोशीच्या सोसायटीतील वाचनकट्ट्यावर, चाकणच्या शाळेच्या ग्रंथपेटीत, महापालिकेच्या वाचनालयात ती सर्वांनी वाचावीत. ज्याने गिली वाचली आहे, त्याला शेजारच्या बाकावरील नव्या मुलाचा आडमुठेपणा कळेल.

चौथी, लिहिणाऱ्यांसाठी. १९७१ पासून बालभारतीचे 'किशोर' मासिक मराठी मुलांना वाचनाची गोडी लावत आले आहे. अशा पानांवर आजच्या मराठी घरातील दत्तक मुलीची, मामाकडे राहणाऱ्या भाच्याची, बालगृहातून नव्या घरात आलेल्या बारा वर्षांच्या मुलाची गोष्ट यावी. कार्व्हर आणि कर्ण थोर खरेच; पण तळेगावच्या लोकलने शाळेत जाणाऱ्या मुलाला आपल्यासारखाच एखादा नायक भेटायला हवा.

आणि शेवटी शिक्षकांना एक विनंती. येत्या वर्षी वर्गात वंशवृक्ष काढायला सांगाल, तेव्हा फळ्यावर आधी एक झाड असे काढा, ज्याला दोन मुळे आहेत. त्यावर कृष्णाचे नाव लिहा. एका मुळाशी देवकी-वसुदेव आणि दुसऱ्या मुळाशी यशोदा-नंद लिहा. मग मुलांना आपापले झाड काढू द्या. दोन दिवस कोरे राहिलेले ते पान कदाचित त्याच तासाला भरेल.